खंडेनवमीला धुतलेली डिस्क

मु. पो. मार्गासनी, ता. वेल्हे
रविवार, १२ ऑक्टोबर

आदरणीय दाजी यांस,

मार्गासनीहून तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे कुंडलिकचा, मान खाली घालून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? सरोजआक्काचं बीपी गोळीनं ताळ्यावर आहे, की माझं नाव निघालं की परत चढतं? भोरला पाऊस उघडला का? आमच्याकडं अजून दुपारची एखादी सर येते आणि तयार भात लोळवून जाते. रत्ना बरी आहे. आमचा लेक कुमार पुण्यात कंपनीत बरा आहे. म्हैस बरी आहे. मी बरा नाही, पण ते डॉक्टरला दाखवायचं दुखणं नव्हे. आणि आई जेवते का हो? (वरच्या चौकश्या रिवाजाच्या आहेत. ही शेवटची खरी आहे. तिला सकाळी चहाबरोबर शिळी भाकरी लागते. भोरला बिस्किटं देत असाल तर ती खाईल, पण मनातून नाही.)

पत्र कशाला लिहिलं, फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. दाजी, तुमच्याकडं फोन उचलला की आक्का तो स्पीकरवर टाकते आणि ओट्यावर ठेवून भाजी चिरायला घेते. मग मी एक बोललो की तिकडं सगळं घर ऐकतं. शिवाय तोंडानं सांगायला गेलो की मी मधेच दुसऱ्याच कुणावर तरी घसरतो आणि माझं सांगायचं राहून जातं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. कागदावर निदान तुम्ही मागं जाऊन बघू शकता की मी कुठून घसरलो. (घसरणार आहेच.)

तर मुद्दा असा, की घरच्या कॉम्प्युटरला बाहेरून लावायची डिस्क कोणती घ्यावी आणि यूएसबीची जादा भोकं कशी करून घ्यावीत, याबद्दल मला तुमचा सल्ला हवा आहे. तो तुम्ही आषाढातच दिला होता. चौदा मुद्दे, आकडे घालून, व्हॉट्सॲपवर. मी लगेच अंगठा दाखवला होता. दाजी, तो अंगठा मी वाचायच्या आधी दाखवला होता. तुमच्या ऑफिसात इतकी वर्षं लोकांनी तुमच्या परिपत्रकांवर अशाच सह्या केल्या असतील म्हणून तुम्हाला राग येणार नाही असं धरून चालतो. नंतर वाचेन म्हणून ठेवला आणि नंतर भाताची आवणी, म्हणजे लावणी, आली.

तुमचा जुना कॉम्प्युटर तुम्ही आम्हाला देऊन चार वर्षं झाली. दिलात तेव्हा त्याला सहा भोकं होती. पुढची दोन पहिल्याच वर्षी गेली. (कुमार म्हणतो, मी पेनड्राइव्ह उलटा धरून ठोसला. मी ठोसला नाही. बसत नव्हता म्हणून दाबला.) मागच्या चारांपैकी एकात कीबोर्ड, एकात माउस, एकात नेटचं डोंगल आणि चौथ्यात रत्नाचा मोबाईल चार्जिंगला. त्या चौथ्या भोकावर माझी सत्ता चालत नाही. भिंतीत प्लग आहे, पण तिचं म्हणणं, कॉम्प्युटरवर हळू चार्ज होतो आणि बॅटरी टिकते. हे तिला कुणी सांगितलं विचारलं तर म्हणते, दाजींनी.

त्या मशीनमध्ये काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय मी केवढा गाढवपणा केला ते नीट दिसायचं नाही. आबा गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात कुमारनं त्यांना हाताला धरून सगळं रान फिरवलं आणि मोबाईलवर शूटिंग केलं. (तो मोबाईल नंतर बिघडला, म्हणून व्हिडिओ राहिले ते फक्त या मशीनमध्ये.) एक्केचाळीस व्हिडिओ. कुठल्या खाचरात पाणी कुठून वळवायचं, कुठला दगड हद्दीचा आणि कुठला नुसताच दगड, ओढ्याकडंचं जांभूळ कुणी लावलं, कुठल्या बांधावरून कुणाशी किती वर्षं बोलणं बंद होतं. आबा सांगतात आणि आई मागून त्यांचं खोडून काढते. आबा म्हणणार, "ह्यो बांध माझ्या बानं घातला." आई म्हणणार, "तुमच्या बानं कुठला, चुलत्यानं. बा तवा कोर्टात बसलेला." मग आबा पुढच्या बांधाकडं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस असेच.

आबांना जाऊन येत्या पौषात तीन वर्षं होतील. दर शनिवारी तिन्हीसांजेला देवाला दिवा लावला की आई मशीनसमोर पाट टाकून बसायची आणि म्हणायची, "लाव रं ह्यास्नी." मी लावायचो. आबा बोलायचे आणि आई अजूनही त्यांचं खोडून काढायची, म्हणजे व्हिडिओतली आई एकदा आणि पाटावरची आई एकदा, आणि पाटावरची कधी कधी व्हिडिओतलीचंही खोडून काढायची. एकदा मी हसलो तर म्हणाली, "हसतोस काय? दुसरं कोण हाय मला भांडायला?" त्यानंतर मी नाही हसलो.

तुम्ही आषाढात आलात तेव्हा मशीन घरघरत होतं. ते ऐकून तुम्ही म्हणालात, कुंडलिकराव, ह्याचा भरवसा नाही, आबांचे व्हिडिओ दुसरीकडं एक प्रत करून ठेवा. मी हो म्हणालो. गणपती उठले, पक्षपंधरवडा लागला, तेव्हा कुठं मला सवड झाली. रत्ना म्हणाली, पक्षात नवी वस्तू घरात आणू नये. मी म्हटलं, वस्तू आबांसाठीच आणतोय आणि पक्षही त्यांचाच आहे. असली उत्तरं मला पटापट सुचतात, तिथं माझं घोडं कधी अडत नाही.

नसरापूरला मानसिंगचं दुकान तुम्हाला ठाऊक आहे, मोबाईल दुरुस्तीचं. डिस्क मी तुमच्या सांगण्यावरहुकूम घेतली हो. आत फिरणारी चकती नसलेली, पडली तरी न फुटणारी, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तेवढे दोन मुद्दे मी दुकानात उभ्या उभ्या वाचले होते. तिसरा हबचा, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करणाऱ्या पट्टीचा, होता. मानसिंगनं दोन हब पुढं ठेवले. एक काळा, चार भोकांचा, त्याला भिंतीतल्या प्लगची स्वतंत्र वायर. दुसरा सपाट, सात भोकांचा, वायरबियर काही नाही, आणि प्रत्येक भोकाशी एक निळा दिवा. मानसिंग म्हणाला, "भाऊ, काळा न्या. डिस्कला लाईट पुरंल." मी म्हटलं, चार आणि सात यातलं मोठं कोणतं ते मला कळतं. माल खपवायची त्याची जुनी सवय आहे, म्हणून त्याचं ऐकलं नाही. (तो खपवत नव्हता. त्या दिवशी त्या दुकानात खरं बोलणारा तो एकटाच होता.) तुमच्या तिसऱ्या मुद्द्यात ठळक अक्षरात होतं, "हब स्वतःचा ॲडॉप्टर असलेलाच घ्या." हे मी काल वाचलं.

घरी आल्यावर मी सातही भोकं भरली. भोक रिकामं ठेवणं जिवावर आलं. डिस्क, डोंगल, रत्नाचा मोबाईल, माझा मोबाईल, स्पीकर, मानसिंगकडूनच घेतलेला बोटभर पंखा, आणि सातव्यात तसलाच एक बारका दिवा. अंधारात सगळं निळं निळं दिसायचं. गोरख शेजारून बघायला आला आणि म्हणाला, लई भारी. मी फुगलो. मग डिस्कमध्ये फाइली टाकायला घेतल्या की मशीन 'टुंग' करायचं आणि डिस्क गायब. जरा वेळानं 'टिंग', डिस्क हजर. परत टुंग. आई आतून म्हणाली, "त्येला उचकी लागलीया, पाणी दाखव." कॉम्प्युटरचं एक भोक जेवढी वीज देतं त्यात मी सात तोंडं बसवली होती आणि डिस्क बिचारी उपाशी राहत होती. पण तेव्हा मला वाटलं, डिस्कच नाजूक आहे. मी तिला शिव्या दिल्या.

आता पुढचं वाचताना जरा सावकाश वाचा. तुमच्या सहाव्या मुद्द्यात होतं, फाइली कॉपी करा, कट करू नका. मी कट केल्या. चुकून नाही, दाजी, समजून उमजून केल्या. आम्ही भात लावणारी माणसं. तरव्यात रोप वाढवायचं, उपटायचं, मुठी बांधायच्या आणि खाचरात नेऊन लावायचं. रोप खाचरात गेलं की तरवा रिकामा होतो, व्हायलाच पाहिजे, त्याशिवाय काम झालं असं वाटत नाही. तेच रोप तरव्यातही ठेवायचं आणि खाचरातही, हे माझ्या हातून जन्मात झालेलं नाही. कॉम्प्युटरमध्ये व्हिडिओ तसेच राहिले तर मग हलवले काय, असं मला वाटलं. प्रत म्हणजे नेमकं काय, तीच वस्तू दोन ठिकाणी का ठेवायची, हे मला तुम्हाला विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण मग मी अंगठा कशाला दाखवला होता असं तुम्ही म्हणाला असता.

तर टिंग टुंग करत करत दोन दिवसांत मी एक्केचाळीस व्हिडिओ उपटले आणि डिस्कमध्ये लावले. डिस्क उघडून नावं मोजली. एक्केचाळीस. उघडून एकही बघितला नाही. नावं आहेत म्हटल्यावर माणसं असणारच, असा माझा हिशेब. मग रत्ना हाक मारत होती म्हणून मी सगळा हब एका झटक्यात उपटला. (मुद्दा अकरावा: "डिस्क काढताना आधी कॉम्प्युटरला सांगा, मगच काढा." मी म्हशीलाही न सांगता दावं सोडत नाही, पण मशीनला सांगायचं असतं हे कुणाला माहीत?) आणि आईला बोलावून डिस्क तिच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "आई, आता आबा ह्या डबीत हायेत. आता मशीन जळलं तरी भ्यायचं न्हाई." आईनं डबी दोन्ही हातांत घेतली आणि विचारलं, "ह्येवढ्यात मावलं?" मी म्हटलं, अजून शंभर माणसं मावतील. रिकाम्या झालेल्या मशीनमध्ये मी त्याच दिवशी बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ उतरवून घेतले. हेही लिहितो, कारण आता काय लपवायचं.

सर्वपित्रीला आबांचं पान वाढलं, कावळा शिवला, आणि संध्याकाळी आई पाट घेऊन बसली. मी डिस्क लावली, पहिलं नाव दाबलं. लागलं. पण ते नेमकं ते, ज्यात कुमारचा अंगठा भिंगावर आहे आणि पडदा सगळा काळा. आई म्हणाली, "ह्ये नगं, जांभळाचं लाव." जांभळाचं दाबलं. लागेना. बांधाचं लागेना. ओढ्याचं लागेना. नावं होती, आत काही नव्हतं. मी म्हणालो, "मशीन तापलंय, दसरा झाला की लावू." आई पाट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी डिस्क पिशवीत घालून मानसिंगकडं गेलो. त्यानं तासभर बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, फायली मधेच तुटल्यात. चाळीसच्या चाळीस. नावं तेवढी राह्यलीत." मशीनमधून जुनं उकरून काढणारी माणसं पुण्यात असतात म्हणे, पण त्या जागेवर नवं काही टाकलेलं नसावं लागतं. शर्यतीचं मी त्याला सांगितलं नाही. कुणाला बोलू नकोस, एवढं सांगून घरी आलो.

दाजी, इथवरचा मी मूर्ख आहे. मूर्खपणाची मला एवढी लाज वाटत नाही, तो माझ्यात आधीपासून आहे आणि घरच्यांना सवय आहे. पुढचं लिहायला पेन उचलत नाही.

खंडेनवमीला आई दर वर्षी सगळी अवजारं स्वतः धुते. विळे, कोयते, कुऱ्हाड, पहार, फवारणीचा पंप. चिंचेनं घासायची, धुवायची, पुसायची आणि पाटावर मांडून हळदकुंकू लावायचं. यंदा तिनं मशीनच्या टेबलावरची डबीही घेतली. ज्यात आपला माणूस आहे ती वस्तू पूजेला नको का, असं तिला वाटलं, आणि मीच तर सांगितलं होतं आबा डबीत आहेत म्हणून. मी गोठ्यातून आलो तर आई मोरीत बसलेली. बाकीच्या अवजारांना चिंच, आणि डबीला चंदनाचा नवा साबण आणि कोमट पाणी. भोकातली माती निघावी म्हणून चुळकाभर पाणी आत घालत होती. मग तिनं ती पदरानं पुसली.

मी दारात उभा राहिलो आणि मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरावा तसं बरं वाटलं. एका क्षणात माझ्या डोक्यात आलं, आता कुणी मला काही विचारणार नाही. आणि मग मी ओरडलो. जेवढं बरं वाटलं होतं तेवढ्या जोरानं ओरडलो. "आई, काय केलंस ह्ये! आबांना धुऊन टाकलंस!" असं ओरडलो. गोरख धावत आला, रत्ना धावत आली. आईच्या हातात साबण तसाच. ती म्हणाली, "म्या तर ऊन पाणी घेतलं." एवढंच म्हणाली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी आक्काला फोन लावला आणि तेच वाक्य तिला सांगितलं. आक्का रडली, मग तिनं आईला फोनवर घेऊन जे बोलायचं ते बोलली, ते तुम्ही ओट्याजवळ उभे राहून ऐकलंच असेल. आक्काचा काही दोष नाही. तिला मी जे सांगितलं ते तिनं खरं धरलं. भाऊ खोटं बोलेल असं तिला का वाटावं?

कुमार फोनवर म्हणाला, चालू करू नका, तांदळात पुरून ठेवा, ओल ओढून घेतो. आईनं दिवाळीला राखून ठेवलेला इंद्रायणी काढला आणि पातेल्यात भरून डबी त्यात पुरली. तेव्हापासून तिनं कशाला हात लावला नाही. दिव्याचं बटण दाबेना, मिक्सर लावेना, वाजणारा मोबाईल उचलेना. रत्ना रानातून येईपर्यंत अंधारात बसून राहायची आणि विचारलं की म्हणायची, "नगं बाई, माझा हात लागला की जातंय." रोज सकाळी मात्र पातेल्याशी यायची आणि मला विचारायची, "वाळली का रं?" मी म्हणायचो, "अजून ओल हाय."

चौथ्या दिवशी ती नळावर गेली असताना मी गुपचूप डबी काढून मशीनला लावली. दाजी, ती सुरू झाली. चंदनाचा वास येत होता, पण सुरू झाली. एक्केचाळीस नावं, आणि तो एक अंगठ्याचा व्हिडिओ, जसाच्या तसा. म्हणजे आईच्या धुण्यानं काही म्हणजे काही गेलं नव्हतं. मी तो शेवटपर्यंत ऐकला. आबा विचारतात, "गेली का गं तुझी कंबर, दमलीस का?" आणि आई म्हणते, "मला काय धाड भरलीया, तुमी दमला असाल तर बसा." पडदा काळाच, पण दोघांचे आवाज इतके स्वच्छ, की मला वाटलं आई मागंच उभी आहे, म्हणून मी दचकून बंद केला. डबी परत तांदळात पुरली. आई पाणी घेऊन आली आणि तिनं विचारलं, "वाळली का रं?"

मी म्हणालो, "अजून ओल हाय."

हे वाक्य मी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, खोडलं नाही. खोडलं की तुम्ही कागद उजेडाला धरून वाचाल, त्यापेक्षा सरळ वाचा.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आईनं दोन लुगडी पिशवीत घातली आणि सरोजकडं जाऊन येते म्हणाली. जी बाई लेकीच्या घरी चहा घेऊन त्याच पावली परत फिरते, ती आज आठवडा होत आला तरी तुमच्याकडं आहे, याचा अर्थ मला कळतो. ती तोंड लपवून बसली आहे आणि लपवायला पाहिजे ते तोंड माझं आहे. घरात कुणी मला काही बोलत नाही. रत्ना ताट वाढते, पाणी ठेवते आणि गोठ्यात निघून जाते. दिवाळी आठ दिवसांवर आली आणि ओसरी अजून सारवली नाही. काल मी एकटाच मशीनपुढं बसून तुमचे चौदाही मुद्दे वाचले, दोनदा. चौदावा असा होता: "कुंडलिकराव, काही अडलं तर लाजू नका, फोन करा."

तुमचं माझ्याबद्दल मत काय झालं असेल ते झालं. माझं स्वतःबद्दलचं त्याहून वाईट आहे. आक्काला आणि तुम्हाला नमस्कार. आईच्या पायांवर डोकं.

आपला,
कुंडलिक

ता. क. – मूळ मुद्दा राहिलाच. राहिलेला एक व्हिडिओ मला जपायचा आहे. त्यासाठी दुसरी डिस्क कोणती घेऊ, आणि तो काळा, वायरवाला हबच घेऊ ना? या वेळी मी उत्तर आल्यावर वाचीन, मग अंगठा दाखवीन. शर्यतीचे व्हिडिओ मी पुसून टाकणार होतो, पण मशीनला आता हातच लावत नाही. पुण्याचं कुणी उकरून काढणारं तुमच्या ओळखीत असेल तर मशीन आहे तसं टेम्पोत घालून पाठवतो.

दुसरा ता. क. – वरचं हबचं खरं, पण त्यासाठी कुणी चार कागद लिहीत नाही. खरं मागणं हे आहे. हे पत्र तुम्ही आईला वाचून दाखवा. मोठ्यानं, पहिल्यापासून, मोरीजवळचं आणि "बरं वाटलं" हेही न गाळता. आक्कालाही शेजारी बसवा. मला तिच्या तोंडासमोर उभं राहून हे सांगवत नाही. प्रयत्न केला. सोमवारी एसटीत बसवताना तिच्या हातात पिशवी दिली, तोंड उघडलं आणि म्हणालो, "नसरापूरला गाडी बदल." तिला हे चाळीस वर्षं ठाऊक आहे. पत्र उद्या सकाळी कोंडिबाच्या दुधाच्या टेम्पोबरोबर पाठवतो, दुपारपर्यंत तुमच्या हातात पडेल. मोबदल्यात तुम्ही सांगाल ते करीन.

तिसरा ता. क. – दाजी, पाकीट चिकटवायच्या आधी रत्नानं पत्र मागितलं. मी दिलं. तिनं चुलीपाशी बसून सगळं वाचलं आणि म्हणाली, "लई लांब लिवलंय. आईंना ठाऊक हाय." मला आधी कळेचना. मग कळलं. ती गेल्या रविवारी बाजाराला नसरापूरला गेली होती, तिथं मानसिंगनं तिला विचारलं, भाऊंच्या तुटलेल्या फायलींचं पुढं काय झालं? ती घरी आली आणि त्याच संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, मी म्हशीची धार काढत होतो तेव्हा. आई म्हणे उठली आणि तिनं स्वतःच्या हातानं दिव्याचं बटण दाबलं. म्हणजे सोमवारी एसटीत बसली ती सगळं माहीत असलेली आई होती! मी रत्नावर ओरडलो, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "आईंनीच सांगू दिलं न्हाई. म्हनाल्या, त्येला त्येच्या तोंडानं सांगू दे. तवर मी सरोजकडं बसते." आणि तुम्हाला दोघांनाही तिनं गेल्या गेल्या सांगितलं आहे म्हणे. मग मंगळवारी तुम्ही फोन करून मला विचारलंत, "काय कुंडलिकराव, वाळली का डिस्क?" तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं? आणि मी तुम्हाला पाच मिनिटं ओल कशी असते ते समजावून सांगत होतो?

आता हे पत्र फाडावं असं पहिल्यांदा मनात आलं. पण आईनं 'त्येच्या तोंडानं' असं म्हटलं आहे, कागदावर असं नाही. म्हणून पत्र टेम्पोत देत नाही. उद्या पहिल्या गाडीनं मीच घेऊन येतो. तुम्ही दार उघडाल तेव्हा पत्र मी तुमच्या हातात देईन, पण तिथंच उभे राहून वाचत बसू नका. आधी आईला बाहेर बोलवा, आणि मी हबचं बोलायला लागलो तर मला थांबवा.